सरकारी पैसा आणि कामगाराचा शब्द: टोनी बेन यांचं उद्योगखातं (१९७४-७५)

कोव्हेंट्रीवासी

३० सप्टेंबर २०२४ ला वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी विझवली. कारखाना टाटा स्टीलचा. तिथे आता भंगार वितळवणारी विजेची भट्टी येते आहे. खर्च १२५ कोटी पौंड, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. ब्रिटनभरात मिळून सुमारे २८०० नोकऱ्या जाणार हे आधीच जाहीर झालं होतं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना आमच्या टूलरूममधला निवृत्तीला आलेला एक सहकारी म्हणाला, "टोनी बेन असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. पन्नास कोटी आपले, मग निर्णय घ्यायच्या टेबलावर आपली खुर्ची कुठे आहे?"

बेन यांचं नाव मी ऐकून होतो ते इराक युद्धाच्या विरोधात मोर्चे काढणारे पाइपवाले आजोबा म्हणून. हा माणूस कधीकाळी ब्रिटनचा उद्योगमंत्री होता, आणि मी राहतो त्या गावाशेजारच्या एका मोटरसायकलच्या कारखान्यासाठी त्याने मंत्रिमंडळाशी भांडण घेतलं होतं, हे मला माहीत नव्हतं. गेलं वर्षभर मिळेल ते वाचतो आहे, जुन्या लोकांशी बोलतो आहे. मराठीत या विषयावर फारसं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

थोडी ओळख. जन्म १९२५, लंडन. १९५० साली ब्रिस्टल साउथ ईस्टमधून पोटनिवडणुकीत निवडून आले. ही जागा रिकामी केली होती सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या १९४२ च्या क्रिप्स योजनेचेच क्रिप्स. १९६० मध्ये वडील वारले आणि त्यांची उमरावकी मुलाकडे आली. उमराव झाला की कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, बसता येत नाही. बेन यांनी पोटनिवडणूक लढवली, जिंकली, तरी न्यायालयाने जागा हरलेल्या उमेदवाराला दिली. शेवटी १९६३ मध्ये कायदाच बदलला, बेन यांनी उमरावकी सोडली आणि परत आले. पुढे मजूर पक्षाच्या विल्सन सरकारात पोस्टखातं, मग १९६६ ते १९७० तंत्रज्ञानखातं.

त्या काळातले बेन वेगळे होते. मोठ्या कंपन्या एकत्र करा, आधुनिक यंत्रं आणा, म्हणजे ब्रिटन अमेरिकेला आणि जपानला तोंड देईल, असा त्यांचा विश्वास होता. ब्रिटिश लेलँड हे १९६८ चं मोठं एकत्रीकरण, आयसीएल ही संगणक कंपनी, स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवरच्या पाच गोद्या जोडून केलेली अप्पर क्लाइड शिपबिल्डर्स, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं.

मग १९७१ मध्ये क्लाइडची कंपनी कोसळली. तेव्हा सरकार हुजूर पक्षाच्या हीथ यांचं होतं, बेन विरोधी बाकांवर. कामगारांनी संप केला नाही. ते कामावर जात राहिले आणि हातात घेतलेली जहाजं पुरी करत राहिले. त्यांचे नेते जिमी रीड यांनी सभेत बजावलं होतं: गुंडगिरी नाही, मोडतोड नाही, दारू नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारला माघार घेऊन पैसे द्यावे लागले. बेन त्या कामगारांच्या बाजूने उभे राहिले, आणि माझ्या वाचनात त्यांचा विचार वळला तो इथे. आपण वरून कंपन्या जोडत बसलो, पण त्या चालवायची अक्कल खाली यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे होती आणि त्याला कुणी विचारलंच नाही, हे त्यांना तिथे दिसलं.

मार्च १९७४ मध्ये मजूर पक्ष सत्तेत आला, बहुमताशिवाय. बेन उद्योगमंत्री झाले. ऑगस्टमध्ये त्यांच्या खात्याची श्वेतपत्रिका आली. तिच्यात दोन मुख्य गोष्टी होत्या. एक, राष्ट्रीय उद्योग मंडळ: सरकार कंपन्यांना नुसतं अनुदान देणार नाही, त्यांचे समभाग घेईल. दोन, नियोजन करार: मोठ्या कंपन्यांनी गुंतवणूक, किमती, नोकऱ्या यांचे बेत सरकारसमोर आणि कामगार संघटनांसमोर ठेवायचे. पहिल्या मसुद्यात हे करार बरेच कडक होते. पंतप्रधान विल्सन यांनी मसुदा स्वतःच्या हातात घेऊन बदलून घेतला आणि करार ऐच्छिक झाले. परिणाम असा की खासगी कंपन्यांपैकी एकाच कंपनीने करार केला, क्रायस्लरने. आणि १९७८ मध्ये त्याच क्रायस्लरने आपला ब्रिटनमधला धंदा सरकारला आधी न विचारता प्यूजोला विकून टाकला.

आता मेरिडेन. कोव्हेंट्री आणि बर्मिंगहॅमच्या मधलं खेडं. इथे ट्रायम्फच्या मोटरसायकली बनायच्या, बॉनव्हिल हे त्यातलं गाजलेलं मॉडेल. सप्टेंबर १९७३ मध्ये मालक कंपनी नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फने कारखाना बंद करायचं जाहीर केलं. सुमारे १७५० नोकऱ्या जाणार होत्या. कामगारांनी फाटक अडवलं. तयार गाड्या, नकाशे, यंत्रं काहीच बाहेर जाऊ दिलं नाही. थंडीत, पावसात, पगाराशिवाय हा पहारा जवळपास दीड वर्ष चालला. ज्यांच्याशी मी बोललो त्यांतल्या एका आजीचे यजमान तिथे शेगडीपाशी रात्रपाळी करायचे. त्या म्हणाल्या, "घरात भांडणं व्हायची. पोरांचे बूट घ्यायला पैसे नव्हते. तरी मी त्यांना डबा द्यायचे, कारण फाटक सोडलं असतं तर सगळंच गेलं असतं."

बेन यांनी या लोकांना सांगितलं, तुम्ही सहकारी संस्था काढा, मी मदत करतो. मार्च १९७५ मध्ये संस्था सुरू झाली. सरकारने ४२ लाख पौंड कर्ज आणि साडेसात लाख पौंड अनुदान दिलं. झाडूवाल्यापासून इंजिन जोडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सारखा पगार. एकाच दिवशी एकच माणूस सकाळी चाकं बसवायचा आणि दुपारी रंगाच्या विभागात जायचा. जिथे आठ आठ कामगार संघटनांच्या हद्दी ठरलेल्या असायच्या त्या ब्रिटनमध्ये ही केवढी मोठी गोष्ट होती, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

याच धर्तीवर आणखी दोन संस्था उभ्या राहिल्या. लिव्हरपूलजवळ कर्कबीला रेडिएटर आणि फळांचा रस एकाच छपराखाली बनवणारा कारखाना, आणि ग्लासगोत स्कॉटिश डेली न्यूज हे दैनिक. दैनिक सहा महिने चाललं. कर्कबी १९७९ मध्ये बंद पडलं. मेरिडेनने १९८३ पर्यंत तग धरला.

५ जून १९७५ ला युरोपीय बाजारपेठेवर सार्वमत झालं. बेन बाहेर पडा म्हणत होते. ६७ टक्के लोकांनी राहा म्हटलं. पाच दिवसांत विल्सन यांनी त्यांना उद्योगखात्यातून काढून ऊर्जाखात्यात पाठवलं. पंधरा महिन्यांत खेळ संपला.

सगळीकडे लिहिलेलं सापडतं की बेन यांचं उद्योगधोरण फसलं. माझं म्हणणं आहे की ते करूनच पाहिलं गेलं नाही. त्यांच्या हातात फक्त मरायला टेकलेले कारखाने दिले गेले. मालकाने वर्षानुवर्षं नवीन मॉडेल काढलं नाही, नफा काढून घेतला, यंत्रं जुनी झाली, आणि मग कुलूप लावल्यावर कामगारांना म्हणायचं, घ्या, चालवून दाखवा. चालते कारखाने नियोजन कराराखाली यायला हवे होते, तो भाग तर पहिल्याच महिन्यांत कापला गेला.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. माझे वडील चिंचवडच्या एका मध्यम इंजिनियरिंग कारखान्यात तेवीस वर्षं टर्नर होते. कारखान्याने करसवलत घेतली होती, स्वस्त जमीन घेतली होती. एके दिवशी फाटकावर नोटीस. बाबांना ऑर्डरबुकात काय आहे, कर्ज किती आहे, यातलं काहीही कधी सांगितलं गेलं नव्हतं. लेथवर हात ठेवला की आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारा माणूस, पण कंपनी चालली आहे की बुडते आहे हे त्याला नोटीस वाचून कळलं. बेन यांचा प्रश्न तो आहे. जनतेचा पैसा आत गेला तर आतल्या हिशेबाची वही कामगारासमोर उघडायला हवी की नको?

इथल्या अभ्यासू मंडळींनी भर घालावी. चुका असतील तर जरूर दाखवा.

तंत्रवेडा

फार मोलाचा धागा. एक गोष्ट जोडतो, जी पुणेकरांनी तरी लक्षात ठेवावी.

राष्ट्रीय उद्योग मंडळाचा कायदा नोव्हेंबर १९७५ मध्ये पास झाला, तेव्हा बेन त्या खात्यात नव्हते. पण मंडळाची कल्पना त्यांच्या श्वेतपत्रिकेतली. १९७८ मध्ये याच मंडळाने इन्मॉस नावाची कंपनी उभी केली, सरकारी ५ कोटी पौंड घालून. चिप डिझाइनचं काम ब्रिस्टलला, कारखाना वेल्समध्ये न्यूपोर्टला. या कंपनीने ट्रान्सप्युटर काढला. एकेक चिप म्हणजे छोटा संगणकच, आणि शेजारच्या चिपशी बोलायला लागणाऱ्या तारा जोडण्याची सोय चिपवरच. म्हणजे अनेक चिप एकमेकींना जोडत जा, काम वाटून घ्या.

आता पुणे. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याच्या पोटात होते इन्मॉसचे ट्रान्सप्युटर.

बेन यांच्या धोरणातून काहीच निघालं नाही असं म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण देतो. इन्मॉसचं दुःख वेगळं. थॅचर सरकारने १९८४ मध्ये ती थॉर्न ईएमआयला विकली, पुढे ती एसजीएस-थॉमसनकडे गेली. अशा कंपनीला पंधरा-वीस वर्षं धीर धरणारा मालक लागतो. सरकारने सहा वर्षांत सोडून दिली.

हिशेबनीस

लेख मनापासून लिहिला आहे, वडिलांबद्दलचा परिच्छेद वाचून थांबलो थोडा वेळ. पण मला दुसरी बाजू मांडायलाच हवी, कारण मी आयुष्यभर आजारी उद्योगांचे ताळेबंद वाचले आहेत.

पहिलं, मेरिडेन वाचवताना बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्याचं काय झालं? तो त्याच मालक कंपनीचा. तिथले कामगार मेरिडेनच्या सहकारी संस्थेच्या विरोधात होते, कारण कंपनीच्या मते बाजारात दोन कारखान्यांपुरतीच जागा होती आणि तिसरा जगवला तर त्यांच्या पोटावर पाय येणार होता. त्यांची भीती खोटी ठरली नाही. तेही कामगारच होते. त्यांच्या फाटकावर मंत्र्यांनी तोच उत्साह दाखवला का?

दुसरं, मॉडेल. बॉनव्हिलच्या इंजिनाचं घराणं १९३७ पर्यंत मागे जातं. होंडाने १९६९ मध्ये चार सिलिंडरची ७५० आणली, स्वतःच चालू होणारी, तेल न गळणारी. सारख्या पगाराने नवीन इंजिन तयार होत नाही, त्यासाठी संशोधनात पैसा लागतो, आणि संस्थेला मिळालेल्या पैशात जुनी इमारत आणि यंत्रं विकत घ्यायची होती. म्हणजे सरकारने दिलेला बराच पैसा त्याच जुन्या मालकाच्या खिशात गेला.

तिसरं, कोर्ट लाइन. जून १९७४ मध्ये या सहल कंपनीचा जहाजबांधणीचा भाग सरकार घेणार असं सांगताना बेन यांनी संसदेत असं विधान केलं की लोकांना वाटलं, आपल्या सुट्ट्यांचे पैसे सुरक्षित आहेत. ऑगस्टमध्ये कंपनी बुडाली, हजारो प्रवासी परदेशात अडकले. नंतर संसदेच्या लोकपालांनी ते विधान दिशाभूल करणारं ठरवलं. ज्यांनी वर्षभर साठवून सहलीचे पैसे भरले ती कामगार कुटुंबंच होती.

आणि कॉन्कॉर्ड, आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान, बेन यांचं लाडकं. विमान कंपन्यांकडे गेली फक्त १४. ब्रिटन आणि फ्रान्सच्या करदात्याने किती सोसलं त्याला सीमा नाही.

चाकणचा वाटसरू

हिशेबनीस काका, तुमचे मुद्दे बरोबर असतील, पण मी एक सांगतो. मी चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत आहे. २०२३ च्या जुलैत ट्रायम्फ स्पीड ४०० बाजारात आली, बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनलेली. मीही घेतली. टाकीवरचं ते नाव बघताना मला वाटायचं, इंग्रजांचा ब्रँड, त्यांच्याकडून पुण्यात आला, एवढंच.

हा धागा वाचून कळलं की १९७३ च्या थंडीत काही लोक फाटकावर उभे राहिले नसते तर ते नाव तेव्हाच संपलं असतं. १९८३ मध्ये संस्था बुडाली तेव्हा जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने नाव विकत घेतलं आणि हिंक्लीला नवा कारखाना उभा केला. पण विकत घ्यायला काहीतरी जिवंत होतं म्हणून ना! त्या दहा वर्षांत गाड्या बनत राहिल्या, लोकांच्या तोंडी नाव राहिलं. नॉर्टनही आता टीव्हीएसकडे आहे.

काल गाडी धुताना त्या अक्षरांवर जास्त वेळ फडकं फिरवलं.

कोव्हेंट्रीवासी

तंत्रवेडा, परमचा दुवा मला माहीत नव्हता. शाळेत असताना आम्हाला सी-डॅकची सहल घडवली होती, तेव्हा कुणी ब्रिस्टलचं नाव घेतलं नव्हतं. फार आनंद झाला.

हिशेबनीस काका, स्मॉल हीथचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी लेखात घ्यायला हवा होता. बेन यांच्या पद्धतीतली ती खरी फट आहे. जो कारखाना लढतो त्याच्या पाठीशी मंत्री उभा राहिला, तर शेजारच्या न लढणाऱ्या कारखान्याचा विचार कोण करणार? कर्कबीच्या वेळीही खात्याच्या सल्लागार मंडळाने नको म्हटलं होतं, तरी बेन यांनी पैसे दिले. कोर्ट लाइनबद्दल काहीच बचाव नाही, चूक ती चूक.

पण तुमचा दुसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे असं मला वाटतं. नवीन इंजिन न काढणं हा निर्णय मेरिडेनच्या कामगारांचा नव्हता, तो आधीच्या वीस वर्षांतल्या संचालकांचा होता. त्यांनी जो खड्डा खणला तो भरायला कामगारांना साडेआठ वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत. १९७७ पर्यंत गाड्या विकण्याचे हक्कही जुन्या कंपनीकडे होते. आपण बनवायची आणि विकणार दुसरा.

कॉन्कॉर्डबद्दल एवढंच. बेन यांचा मतदारसंघ ब्रिस्टल, विमान जोडलं जायचं ते फिल्टनला, हाकेच्या अंतरावर. त्यांचा त्यात जीव होता हे खरं. पण १९७४ मध्ये मंत्री झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी प्रकल्पाचा खर्च आणि अपेक्षित तोटा संसदेसमोर उघडा ठेवला. आधीच्या सरकारांनी ते आकडे झाकून ठेवले होते. वही उघडायची तर आपल्या लाडक्या प्रकल्पाचीही उघडायची, हे त्यांनी केलं.

सोलापुरी

लेखात बेन यांच्या वडिलांचा नुसता उल्लेख आहे, म्हणून लिहितो. विल्यम वेजवुड बेन हे जून १९२९ ते ऑगस्ट १९३१ भारतमंत्री होते. मजूर पक्षाचे, भारताबद्दल सहानुभूती असलेले समजले जायचे. त्याच काळात, मे १९३० मध्ये, आमच्या सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. लंडनमध्ये त्या खुर्चीवर वेजवुड बेन होते.

मुलाने त्या वेळी गांधीजींना लहानपणी लंडनमध्ये पाहिलं होतं आणि तो प्रसंग तो आयुष्यभर सांगत राहिला, हे मला माहीत आहे. साम्राज्याच्या विरोधात तो नेहमी बोलला, त्याचा मला आदर आहे. तरी आमच्याकडे चार हुतात्मा चौकातून जाताना हे कुटुंब मला दोन्ही बाजूंनी आठवतं. गिरणगाव म्हणून सोलापूर वाढलं, त्या चळवळीत गिरणी कामगार होते. कामगाराचा शब्द सरकारने ऐकावा ही गोष्ट आम्ही बंदुकीसमोर शिकलो.

मंजिरी_कुर्ला

मी कुर्ल्यात वाढले. कमानी ट्यूब्ज आठवते का कुणाला? तांब्या-पितळेच्या नळ्यांचा कारखाना. मालक कुटुंबातल्या वादात आणि थकबाकीत १९८५ मध्ये बंद पडला. युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९८८ मध्ये आजारी उद्योगांच्या मंडळाने कामगारांनीच कारखाना चालवायची योजना मंजूर केली. पगारकपात मान्य करून लोकांनी यंत्रं पुन्हा चालू केली आणि काही वर्षं नफ्यातही आणली.

माझ्या मामाचे मित्र तिथे होते. ते सांगायचे, पहिल्या महिन्यात सगळ्यात अवघड गेलं ते मीटिंगमध्ये बसून ताळेबंद ऐकणं. कुणाला सवयच नव्हती. सहा महिन्यांनी भट्टीवरचा माणूसही विचारायला लागला, "तांबं या भावाने का घेतलं?"

कोव्हेंट्रीवासी, तुमच्या बाबांबद्दल वाचून हेच आठवलं. शिकवलं तर माणूस वही वाचतो. आणि एक विचारते. बेन यांनी कामगारांना चालत्या, नफ्यातल्या कंपनीतही काही करून दाखवायची संधी दिली का?

कोव्हेंट्रीवासी

मंजिरीताई, दिली. ती गोष्ट लेखात घ्यायची होती, पण लांबी वाढेल म्हणून काढली. आता सांगतोच, कारण ती मला मेरिडेनपेक्षाही जवळची आहे.

ल्युकास एरोस्पेस. विमानांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, ब्रिटनभर १७ ठिकाणी कारखाने, बरंचसं काम लष्करी. सत्तरच्या दशकात संरक्षणखर्च कमी होणार, नोकरकपात होणार, अशी चिन्हं होती. सगळ्या कारखान्यांतल्या कामगार प्रतिनिधींनी एक संयुक्त समिती केली होती. त्यात लेथवाले होते तसे डिझाइन इंजिनियरही होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये ही मंडळी बेन यांना भेटायला गेली आणि म्हणाली, आमच्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण करा. बेन म्हणाले, ते माझ्या हातात नाही, पण तुम्ही स्वतःच पर्यायी योजना तयार करा.

ते परत गेले आणि त्यांनी आधी विद्यापीठांना, तज्ज्ञांना पत्रं लिहिली. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. मग त्यांनी स्वतःच्याच सहकाऱ्यांना विचारलं: तुमच्या हातात कोणती कसब आहेत, शॉपमध्ये कोणती यंत्रं आहेत, आणि यातून समाजाला लागणारी कोणती वस्तू बनवता येईल? उत्तरांचा पाऊस पडला. जानेवारी १९७६ मध्ये योजना जाहीर झाली, सुमारे १२०० पानांची, १५० च्या आसपास उत्पादनं. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिस यंत्रं. घर गरम ठेवणारे उष्णता पंप. रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी बस. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे चालू न शकणाऱ्या मुलांसाठी छोटी गाडी.

हे १९७६ साल आहे! आज ब्रिटिश सरकार लोकांना उष्णता पंप लावा म्हणून अनुदान देतंय, आणि आमच्या गावात दोन्हीवर चालणाऱ्या गाड्यांचा डंका आहे.

व्यवस्थापनाने योजना नाकारली. बेन तोवर ऊर्जाखात्यात गेले होते, नव्या मंत्र्यांनी विषय पुढे रेटला नाही, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या कामगार संघटनांनाही ही खालून आलेली समिती पचली नाही. समितीतले एक पुढारी, डिझाइन इंजिनियर माइक कूली, यांना कंपनीने पुढे काढून टाकलं. १९८१ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

मी रोज कॅडवर, म्हणजे संगणकावर आराखडे काढत, बसतो. आमच्या शॉपमधली माणसं काय काय करू शकतात हे मला माहीत आहे. त्यांना असा प्रश्न आजवर कुणीही विचारलेला मी पाहिला नाही.

दर्यावर्दी

उत्तर समुद्राच्या तेलाबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी तेलाच्या फलाटांवर काम करतो, म्हणून चार ओळी.

ऊर्जामंत्री झाल्यावर आठच दिवसांनी, १८ जून १९७५ ला, ब्रिटनचं पहिलं समुद्री तेल थेम्सच्या मुखाशी आयल ऑफ ग्रेनला उतरलं आणि झडप उघडली बेन यांनी. १९७६ मध्ये सरकारी तेल कंपनी सुरू झाली, मुख्यालय ग्लासगोला. तेलात जनतेचा थेट वाटा असावा हाच हेतू. त्याच वर्षाच्या शेवटी पौंड घसरल्यावर नाणेनिधीकडून ३.९ अब्ज डॉलर कर्ज घ्यावं लागलं. कपातीऐवजी आयातीवर बंधनं घाला आणि उद्योगात गुंतवा, असं बेन मंत्रिमंडळात मांडत होते, ते हरले. १९८२ मध्ये तेल कंपनीचा उत्पादनाचा भाग ब्रिटऑइल नावाने विकला गेला. नॉर्वेने आपली कंपनी हातात ठेवली, १९९० मध्ये निधी उभारला, आज त्यांची पोरं त्यावर निर्धास्त आहेत. मी दोन्ही किनाऱ्यांवर काम केलंय, फरक गावांत फिरताना दिसतो.

आणि मेरिडेनला शेवटचा धक्काही याच तेलाने दिला असं मला वाटतं. १९८० च्या सुमारास तेल आणि चढे व्याजदर यांमुळे पौंड महाग झाला. ज्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेत, त्यांचं काय होणार?

हिशेबनीस

दर्यावर्दी, पौंडाचा मुद्दा पटला. माझ्या ताळेबंदात तो रकाना नव्हता.

कोव्हेंट्रीवासी, ल्युकासची योजना मी आजवर वाचलेली नाही. तिच्यातल्या किमतींचे अंदाज कसे केले होते ते बघायची इच्छा आहे. तुमच्याकडे पानं असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पोर्ट टॅलबटच्या ५० कोटींच्या बदल्यात सरकारने मालकीचा हिस्सा घेतलेला नाही, हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. सावकारसुद्धा तारण घेतल्याशिवाय देत नाही.

कोव्हेंट्रीवासी

काका, पानं पाठवतो.

आज रविवार, सकाळी सायकलने मेरिडेनला जाऊन आलो. कारखाना १९८४ मध्येच पाडला. तिथे आता घरं आहेत, विटांची, पुढे छोटी बाग. ती ब्लूर यांच्याच कंपनीने बांधली. एका रस्त्याचं नाव बॉनव्हिल क्लोज, दुसऱ्याचं डेटोना ड्राइव्ह. फाटक नेमकं कुठे होतं ते त्या आजींनी मला कागदावर काढून दिलं होतं. तिथे उभा राहिलो. समोरच्या घरातून एक मुलगा शाळेच्या मोज्यांतच बाहेर आला आणि विचारायला लागला, काका काही हरवलंय का. मी त्याला सांगितलं, इथे मोटरसायकली बनायच्या. त्याला माहीत नव्हतं. पाच मिनिटं ऐकत उभा राहिला, मग आईने हाक मारली.

बाबांना त्या जागेचा फोटो पाठवलाय. त्यांचा फोन आला तो वेगळ्याच प्रश्नासाठी: सगळ्यांना सारखा पगार होता तर फोरमन काय म्हणत होते? मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी आजींना विचारून इथे लिहितो.